कोपरा कापून

मुरुगेशन आसारीने पायरीवर चपला काढल्या तेव्हा दादा मुशीतलं सोनं साच्यात ओतत होता. ओतणं चालू असताना कुणी बोलायचं नाही, हा आमच्या दुकानाचा नियम आसारीलाही ठाऊक होता. तो कडेच्या स्टुलावर गुपचूप बसला, पिशवीतून हळदीची बोटं लावलेली लग्नपत्रिका काढून मांडीवर ठेवली आणि वाट बघत राहिला.

ओतून झालं. दादाने चिमटा खाली ठेवला, कपाळावरचा घाम पुसला.

"सेट्टू, पहिली पत्रिका देवाला दिली, दुसरी तुला," आसारी म्हणाला. "उद्या सकाळी नऊला येतो. वीस तोळे तयार ठेव. उद्या घडवायला बसलो तर सेल्वीच्या लग्नापर्यंत कसंबसं उरकेल."

तो तमिळ बोलायचा आणि दादाही तीस वर्षांत तोडकंमोडकं का होईना तमिळ शिकला होता. मी आपलं मराठीत सांगतो; 'सेट्टू' एवढा शब्द त्याचाच, म्हणजे शेठ.

"तयारच आहे," दादा म्हणाला. त्याने चहा मागवला, पत्रिका कपाळाला लावली आणि मागच्या कोनाड्यात, लाल फडक्यात बांधलेल्या नारळाशेजारी ठेवली. आसारी चहा पिऊन, दोन्ही हात जोडून गेला.

ही सेलमची गोष्ट. पाच वर्षं होऊन गेली. आमच्या खानापूर तालुक्यातली निम्मी घरं गलाईवर जगतात. जुनं सोनं वितळवायचं, तेजाबात घालून त्यातलं हीण काढायचं आणि शुद्ध सोनं ज्याचं त्याला परत द्यायचं, एवढाच धंदा. त्यासाठी आमची माणसं हजार-हजार मैल लांब जाऊन राहतात. परमुलखात कोण कुणाचा? पण तिथला सोनार स्वतःच्या भावाला देणार नाही एवढं सोनं आमच्या हातात ठेवून घरी जातो. पावती म्हणजे वजन लिहिलेली एक चिठ्ठी. आसारी असाच एक सोनार; त्याने तर मुलगी सेल्वीच्या लग्नासाठी आयुष्यभर साठवलेलं जुनं सोनं दोन महिन्यांपूर्वी आणून दिलं होतं आणि चिठ्ठीही मागितली नव्हती.

दादाने शटर अर्धं ओढलं.

"चिलट, हिकडं ये."

लहानपणी मी काडीपैलवान होतो म्हणून दादाने हे नाव ठेवलेलं. आई गेल्यापासून ते दादाशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं, वहिनीलासुद्धा. आणि दादाही आम्ही दोघंच असलो, नि काही मनातलं बोलायचं असलं तरच ते घ्यायचा. एरवी दुकानात मी दिनकर.

"आसारीचं सोनं न्हाय," दादा म्हणाला.

"न्हाय म्हंजे?"

"इकलं. त्याचं टंच घेतलं."

ज्या माणसाने तीस वर्षांत दुसऱ्याचं गुंजभर सोनं इकडचं तिकडे केलं नाही, त्याने हे केलं होतं.

टंच म्हणजे आमच्या धंद्यात सोन्याची शुद्धता. पण त्या साली आमच्या तालुक्यात टंच म्हटलं की वेगळंच काही डोळ्यापुढे यायचं. शेजारच्या गावचा विक्रांत, पुण्यात इंजिनिअर झालेला. त्याने 'टंच' नावाचं कॉम्प्युटरवरचं नाणं काढलं. क्रिप्टो म्हणतात तसलं. गलाईवाल्यांचं स्वतःचं चलन, म्हणाला. चैत्रात गावच्या जत्रेला देशभरातले गलाईवाले आले होते, तिथे देवळापुढे त्याने सगळं समजावलं. आठ रुपयाला एक. आणि पुढे म्हणाला, "वर्षभर कुणी विकायचं नाही. विकणारा आपल्याच माणसांना खाली पाडतो." झालं! चारशे लोकांनी भंडारा उचलून शपथ घेतली. त्याच जत्रेत देवाच्या मानाच्या नारळाचा लिलाव झाला आणि दादाने तो नारळ एक लाख एक्कावन्न हजाराला घेतला. कोनाड्यातला नारळ तोच.

शपथ पाळली गेली. सगळे घेणारे, विकणारे शपथेबाहेरचे चार-दोन, तेही थोडं थोडं, मग भाव चढेल नाहीतर काय करेल? आठाचे चाळीस, चाळीसचे दीडशे, आता चारशे बारा. दादाकडे पन्नास हजार टंच होते. मोबाईल उघडला की मोठ्या हिरव्या आकड्यांत दिसायचं, दोन कोटी सहा लाख. पाच हजार त्याने माझ्या नावावर करून दिले होते. खातंही त्यानेच उघडून दिलं. "तुजं बी काय तरी असाय पायजे," म्हणाला होता.

"मग इक की थोडं," मी म्हणालो. "वीस तोळ्याला किती, साडेनऊ लाख लागत्याल."

"नऊ साठ. आडीच हजार टंच इकलं तरी भागतंय. बाकीच्याला हात लावत न्हाय." दादाचा आवाज खाली आला. "खरं शपथ मोडाय लागतीया रं. भंडारा उचललाय मी."

"आसारीची पोरगी लग्नाला उभी हाय, दादा."

"म्हनून तर." त्याने घड्याळ पाहिलं. "दीड वाजत आला. राहुकाळ लागंल आता. तीनला सरतोय. तवर आंघुळ करून देवाची माफी मागतो आन् मग इकतो."

गुरुवारचा राहुकाळ दीड ते तीन. इतकी वर्षं तमिळ मुलखात काढल्यावर दादा राहुकाळात दुकानाचं कुलूपसुद्धा उघडायचा नाही.

तीन वाजून पाच मिनिटांनी तो ओल्या केसांनी, कपाळाला भंडारा लावून चटईवर बसला. इंदूवहिनी दारात उभी होती. तिला त्याने अंघोळीआधीच सगळं सांगितलं होतं आणि ती रडूनही झाली होती. दादाने मोबाईल उघडला.

"नेट गेलंय काय रं?"

"का?"

"नऊ दावतंय."

"चारशे नऊ?" वहिनीने विचारलं.

"न्हाय. नऊ."

त्याने मोबाईल बंद केला, चालू केला. परत नऊ. "दिनकर, तुज्या फोनवर बघ बरं."

"चार्जिंग उतरलंय माजं," मी म्हणालो.

दादाने अडीच हजार टंच विकायला लावले. अकरा हजार आले. म्हणजे एका टंचाला धड साडेचार रुपयेही नाहीत. त्याने आणखी विकायला लावले. ते तसेच पडून राहिले, घ्यायला कुणीच नव्हतं. आणि गंमत बघा, एक गिऱ्हाईक नसताना स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत लिहिलेलं, भाव दोन रुपये, तुमची संपत्ती पंच्याण्णव हजार.

त्याने विक्रांतला फोन लावला. सातव्या वेळी उचलला. स्पीकरवर पोरगा ढसाढसा रडत होता.

"अण्णा, कुणीतरी शपथ मोडली. माझे चाळीस कोटी गेले, अण्णा."

"कुनी नेलं?" दादाने विचारलं. "पैसं कुठं तरी गेलं असत्याल न्हवं? धा लाख तरी काढून दे मला बाबा, पोरीचं लगीन हाय."

"माझ्याकडे खोलीचं भाडं द्यायला नाही, अण्णा. कुणी नेले नाहीत. शेवटचं नाणं ज्या भावाला जायचं, त्या भावानं आपण सगळ्यांची सगळी नाणी गुणत होतो."

दादाला काही उमगलं नाही. वहिनीला उमगलं. चौथी शिकलेली बाई, ती कोनाड्याकडे बघत म्हणाली, "म्हंजे जत्रंतल्या नारळावानी. तुमी एक नारळ दीड लाखाला घेतला. म्हनून देवळाम्होरच्या पोत्यातलं शंभर नारळ काय दीड कोटीचं झालं?"

दादा म्हणाला, "इंदे, मी हयातभर सोन्याच्या इटंचा कोपरा कापून, वितळवून बघितल्याबिगार ईट घेतली न्हाय. सख्ख्या बापाची असली तरी. आन् ह्याचं एक नाणं इकून बघितलं न्हाय गं."

शुक्रवारी नऊला आसारी आला. दादाने काहीच लपवलं नाही. बोलता बोलता तो खाली वाकून आसारीच्या पायाला हात लावायला गेला, तर आसारी पाय मागे घेत राहिला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "सेट्टू, मी चिठ्ठीपण मागितली नव्हती." आणि आमच्या गल्लीतले सगळ्यात जुने गलाईवाले हिंदुराव तात्या, त्यांच्या दारात जाऊन बसला.

चार वाजता मराठी मंडळाच्या हॉलमध्ये बैठक बसली. पंचवीस-तीस माणसं. प्रत्येकाचे टंच बुडालेले, सगळ्यांची तोंडं मयताला आल्यासारखी. तात्यांनी एकच गोष्ट सांगितली.

"नाण्यात ज्याचं गेलं त्यानं घरी जाऊन रडावं. पर आसारीचं सोनं आज दिवस मावळायच्या आत त्याच्या हातात पडलं पायजे. न्हाय तर उद्यापास्नं ह्या शहरात एक सोनार मराठी मानसाच्या हातावर मणी ठेवायचा न्हाय."

वहिनी उठली. पाटल्या काढल्या, बिलवर काढले, कानातलं काढलं, शेवटी मंगळसूत्रही. वजन केलं, अकरा तोळे भरले. दादाचं दुकान, भट्टी, सगळी हत्यारं तात्यांनी आठ तोळ्यांत घेतली. दादाने मान हलवली, दुसरं करणार काय? एकोणीस झाले. अर्धा तोळा तात्यांनी वरून घातला. अर्धा कमी पडत होता.

मी बोटातली अंगठी काढून तागडीत टाकली. "माज्याकडं एवढीच हाय," मी म्हणालो.

वहिनीने पदर तोंडाला लावला. "भाऊ असावा तर असा," ती म्हणाली आणि तिचा बांध फुटला. दोघा-तिघांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. दादा माझ्याकडे बघतच नव्हता.

तेवढ्यात कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसलेला पोपट माने ओरडला, "घावला! तात्या, घावला. कुनी किती इकलं ते सगळ्यांस्नी दिसतंय हितं. काल दुपारी दोन ते अडीच. एकाच खात्यावरनं पाच हजार इकल्यात. त्याच्या आदी मोटी इक्री न्हाय, त्याच्या मागनं भाव कोसळला."

"नाव काय?"

"खरं नाव न्हाय, टोपननाव हाय." पोपटने मोबाईल डोळ्यांजवळ नेला. "चिलट."

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ," तात्या म्हणाले. "आपल्यातलाच कोण तरी आसनार."

"घावला तर तंगडं मोडून हातात देऊ," कुणी तरी म्हणालं. पोपटने मोबाईल दादापुढे धरला. "सर्जेराव अण्णा, तुमची वळख लांबलांबपातूर हाय. कोन हो ह्यो चिलट?"

दादाने मोबाईल हातात घेतला. चष्मा लावला. ते नाव त्याने स्वतःच्या बोटाने टाईप केलं होतं, माझ्या शेजारी बसून, हसत. कितीतरी वेळ तो त्या तीन अक्षरांकडे बघत राहिला. मला वाटलं, आता बोलेल. बोलला असता तर त्या दिवशी तिथून मी धड बाहेर आलो नसतो.

त्याने मोबाईल परत दिला.

"ठावं न्हाय," तो म्हणाला. "ह्यो आपल्यातला न्हवं."

मग भट्टी पेटली. तात्यांची झालेली भट्टी, पण हात दादाचाच लागला, कारण त्याच्याइतकं कमी घट देऊन सोनं गाळणारा गल्लीत दुसरा नव्हता. वहिनीने मंगळसूत्र उसवलं, काळे मणी पदरात ठेवले आणि वाट्या त्याच्या हातात दिल्या. मी समोर उभा राहून गॅसची ज्योत धरली होती. एकमेकांपासून दोन हातांवर आम्ही उभे होतो. ओतणं चालू असताना कुणी बोलायचं नाही, तेवढा एक नियम माझ्या मदतीला आला.

आता सांगतोच. गुरुवारी दोनला दादा अंघोळीला गेला तेव्हा मी मागच्या खोलीत मोबाईल घेऊन बसलो. देवाशपथ, मला फक्त कोपरा कापून बघायचा होता. शंभर टंच विकून बघितले. पहिले तीस चारशे बाराला गेले, बाकीचे खाली खाली. माझ्या खात्यात एकोणचाळीस हजार आले. पण भाव तीनशे एकाहत्तर झाला आणि माझ्या शंभर नाण्यांपायी दादाचे वीस लाख उडाले. मग मी घेणाऱ्यांची यादी उघडली. कोण किती रुपये घेऊन उभा आहे त्याची. ते पान दादाने कधी बघितलंच नव्हतं, तो हिरवे आकडे बघायचा. मी बोटावर बेरीज केली. साऱ्या देशातले आमचे लोक स्वतःला करोडपती समजत होते आणि घ्यायला उभे असलेल्या सगळ्यांचे मिळून साडेनऊ लाखही नव्हते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? जो पहिला पोहरा टाकेल त्याचं पाणी.

आतून तांब्याने पाणी घेतल्याचा आवाज येत होता. दादा देवाची नावं घेत होता. समोर कोनाड्यात हळद लावलेली पत्रिका होती. मला सगळं कळत होतं. आजवर कुणाला सांगायचं राहिलंय ते हेच, की मला सगळं कळत होतं. बारा वर्षं मी त्याच्या हाताखाली राबलो, विट्यात चार गुंठे जागा बघून ठेवली होती, बायको दुसऱ्यांदा गरोदर होती. दादा काहीतरी करेलच, असं मनाशी म्हटलं. दादा नेहमीच काहीतरी करायचा. आणि उरलेले चार हजार नऊशे विकून टाकले. सगळे मिळून नऊ लाख बावीस हजार आले. आसारीच्या वीस तोळ्यांना फक्त अडतीस हजार कमी.

ते पैसे तिथेच होते. तीन वाजता दादाने मोबाईल उघडला तेव्हा होते, आसारी आला तेव्हा होते, वहिनीने मंगळसूत्र काढलं तेव्हाही माझ्याच खात्यात होते. एक शब्द बोललो असतो तर बास होतं. पण आधी भीती वाटली, मग लाज वाटली, आणि अंगठी काढून दिल्यावर तर बोलायला तोंडच उरलं नाही.

दिवस मावळायच्या आत आसारीला त्याचं सोनं मिळालं. सेल्वीचं लग्न ठरल्या मुहूर्तावर झालं. आम्हाला त्याने परत बोलावलं नाही आणि आम्ही गेलोही नाही.

पंधरा दिवसांनी दादा नि वहिनी कानपूरला निघाले. तिथे गावच्या एका माणसाच्या गलाईच्या दुकानात दादाला रोजाने काम मिळालं होतं. पन्नाशीत दुसऱ्याच्या भट्टीवर. मी स्टेशनवर पोचवायला गेलो. वहिनी डब्यात सामान लावत होती. दादा प्लॅटफॉर्मवर माझ्याशेजारी उभा राहिला, पिशवीत हात घालून लाल फडक्याची एक पुरचुंडी काढली. नारळाचं फडकं. आत आमच्या आजोबांपासूनची कसोटी होती, सोनं घासून बघायचा काळा दगड.

"तात्यांनी एवढा मागितला न्हाय. तुला ठेव. दुकान घालशील तवा लागंल."

"मी कुठलं दुकान घालतोय, दादा?"

तो रुळांकडे बघत इतक्या हळू बोलला की मला वाकून ऐकावं लागलं.

"किती आलं रं, चिलट?"

"कशाचं?" मी म्हणालो.

दादाने मान हलवली. रागाने नाही, लहानपणी मी पाढा चुकलो की हलवायचा तशी. "कोपरा कापून बघितलास. म्या शिकिवल्यालं तू इसरला न्हाईस," तो म्हणाला. "इसरलो त्यो मी."

गाडी हलली तसा तो आत चढला. वहिनीने खिडकीतून हात केला, तब्येतीला जप म्हणाली.

दादा तिसऱ्या वर्षी कानपुरातच गेला. तेजाबाचा धूर छातीत भरला होता, डॉक्टर म्हणाले. त्याने मरेपर्यंत वहिनीला काही सांगितलं नाही, हे मला तिच्या वागण्यावरून कळतं. आता ती आमच्याकडेच असते, विट्यात, चार गुंठ्यांवर बांधलेल्या घरात. खाली माझं दुकान आहे. रोज सकाळी मी त्या कसोटीवर लोकांचं सोनं घासतो आणि टंच सांगतो. गेल्या दिवाळीत घर पाहुण्यांनी भरलं होतं तेव्हा वहिनी सगळ्यांपुढे म्हणाली, "आमच्यावर येळ आली तवा भावजींनी बोटातली अंगठी काढून दिली हो." मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.